अजून थोडं मागे

१

क्राइफ्ले तळ्याकाठच्या कॅरॅव्हॅन पार्कात ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी बघण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे दुसऱ्याची फजिती. फाटकातून नवी गाडी आत शिरली की लोक हातातला चहा, अर्धवट सोललेला बटाटा, कडेवरचं पोर, सगळं घेऊन खुर्च्यांसकट येऊन बसतात. मोटारीला मागे जोडलेलं ते चाकांवरचं घर उलटं रेटत रेटत आपल्या जागेत बसवणं म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटतो. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की घर डावीकडे जातं. बघणाऱ्यांना मात्र सगळं येत असतं. एक म्हणतो डावीकडे घे, दुसरा म्हणतो पुढे घे, आणि तिसरा विचारतो, "काय रे, लायसन्स चिप्सच्या पाकिटात मिळालं का?"

आम्ही आरेन्ड्स मंडळी या करमणुकीतली मानाची माणसं. माझा नवरा ग्रँविल केप्टाऊनजवळच्या पार्ल गावातल्या शाळेत भूगोल शिकवतो. त्याला अख्ख्या आफ्रिकेच्या नद्या तोंडपाठ आहेत, पण कॅरॅव्हॅन मागे घेता येत नाही. त्याला मागे उभं राहून हातवारे करून सांगायचे माझे सासरे, बार्नी. सगळ्या पार्कात ते अंकल बार्नी. त्यांचा एक हात 'ये' म्हणायचा आणि दुसरा 'थांब'. तोंड तिसरंच काहीतरी सांगायचं. "उजवीकडे! अरे उजवीकडे म्हणजे माझ्या उजवीकडे! गाढवा, तुझ्या आईच्या उजवीकडे!" आणि मग धाड. दर वर्षी धाड. कधी संडासाची भिंत, कधी पाण्याचा नळ, एकदा पाद्रीबाबांची शेगडी. लोक भिंतीवर पोरांच्या उंचीच्या खुणा करतात, तसे आमच्या कॅरॅव्हॅनवर पोचे आहेत, आणि माझी नऊ वर्षांची टॅमलिन कुठला पोचा कुठल्या सालचा ते सांगू शकते.

माझ्या सासूबाई, म्हणजे मम्मी, घाट उतरला की मागच्या सीटवर झोपून जायच्या. त्या धाडीने जाग्या व्हायच्या, टोपी सरळ करायच्या आणि म्हणायच्या, "पोचलो एकदाचे." चाळीस वर्षं हेच वाक्य.

गेल्या वर्षी मे महिन्यात अंकल बार्नी गेले. मम्मी रडल्या नाहीत. त्यांनी अंकल बार्नींचे शर्ट धुतले, इस्त्री केले आणि परत कपाटात ठेवले. दिवसभर त्या अशा वागायच्या, जणू कुठल्यातरी स्टेशनावर गाडीची वाट बघत बसल्यात. क्राइफ्लेला नेलं तर बरं वाटेल, असं आम्हाला वाटलं.

२

आमची जागा नऊ नंबरची, संडासाला लागून. पण पार्क सांभाळणारे अंकल डिर्की म्हणाले, "नऊला यंदा पाइप फुटलाय. चिखलच चिखल. चौदा घ्या."

चौदा नंबर म्हणजे तळ्याच्या अगदी काठावर, वाळुंजाच्या मोठ्या झाडाखाली. पार्कातली सर्वांत गार सावली. ती दर वर्षी रिकामी असायची. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. लोकांना संडास जवळ लागतो, एवढंच मला वाटायचं.

"मी उभी राहू का मागे?" मी ग्रँविलला विचारलं.

"नको," तो म्हणाला. "आपलं लग्न टिकवायचंय मला."

खुर्च्या मांडल्या गेल्या. कोणीतरी घड्याळ लावलं. ग्रँविलने काच खाली केली, बाजूच्या लांब आरशात बघितलं आणि गाडी मागे घ्यायला लागला. मग जे झालं तसं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कॅरॅव्हॅन लोण्यातून सुरी जावी तशी गेली. एकदाही पुढे नाही, एकदाही ब्रेक नाही. बाजूच्या झाडापासून हातभर लांब, सरळ रेषेत, थांबली.

अंकल डिर्कींचं टोस्ट चहात बुडून तळाला गेलं. मग टाळ्या सुरू झाल्या, शिट्ट्या वाजल्या, आणि पाद्रीबाबांनी देवाचे आभार मानले.

ग्रँविल उतरला तो छाती फुगवून. "अगं, तो मागचा म्हातारा कोण होता? काय हात आहे त्याचा! एक इशारा चुकला नाही."

"मागे?" मी म्हटलं. "मागे तळं आहे."

"काठावर उभा होता. करडा शर्ट, हॅट."

असेल कोणीतरी, मी म्हटलं. मी चष्म्याच्या दुकानात बारा वर्षं काम करते. लोकांना काय काय दिसतं आणि काय काय दिसत नाही, ते मला माहीत आहे.

मम्मी मात्र उठल्याच नाहीत. मला त्यांना हलवून जागं करावं लागलं.

"पोचलो?" त्यांनी विचारलं. "कधी? धाड तर झाली नाही."

"यंदा नाही झाली, मम्मी. ग्रँविलने एका फटक्यात लावली."

त्यांनी खिडकीतून तळ्याकडे पाहिलं. बराच वेळ त्या गाडीतून उतरल्या नाहीत.

३

दुसऱ्या दिवसापासून ग्रँविल पार्काचा हिरो झाला. लोक त्याच्याकडून आपापल्या कॅरॅव्हॅन लावून घ्यायला लागले. पण गंमत अशी, की दुसऱ्यांच्या गाड्यांत त्याला काही जमेना. त्याने पाद्रीबाबांची गाडी कुंपणात घातली. शेगडीनंतर ही दुसरी वेळ, म्हणून पाद्रीबाबा काहीतरी म्हणाले, जे चर्चमध्ये म्हणत नाहीत.

"आपल्या जागेवर जमतं मला," ग्रँविल म्हणाला. "तिथे तो सांगणारा असतो ना."

दुपारी क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायला तो गाडीत जाऊन बसायचा. त्या दिवशी बाहेर आला आणि म्हणाला, "कॅरॅव्हॅन थोडी मागे घेऊ. सावली सरकते."

कॅरॅव्हॅन थोडी मागे घ्यायची म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. पुढचा तंबू सोडायचा, अठरा खुंट्या उपटायच्या, गालिचा गुंडाळायचा, फ्रिज उचलायचा, जाळीचे पडदे काढायचे, पुन्हा लावायचे. पार्लपासून इथवर आम्ही जेवढं सामान आणतो तेवढ्यात दोन लग्नं लागतील. तरी घेतली मागे. दोन हात. एका फटक्यात.

तिसऱ्या दिवशी वारा यावा म्हणून अजून दोन हात. चौथ्या दिवशी म्हणाला, "मागच्या खिडकीतून तळं नीट दिसत नाही."

"अरे, खिडकीत तळ्यातलं बोरूचं गवत शिरलंय!" मी ओरडले. "आता काय मासे आत बोलवायचेत?"

"तो अजून बोलावतोय," ग्रँविल म्हणाला, अगदी सहज. "म्हणजे जागा असणार."

४

मी मम्मींना विचारलं. भांडी पुसता पुसता, हसत हसतच. म्हटलं, "मम्मी, ग्रँविलला आरशात कोणीतरी म्हातारा दिसतो म्हणे. हात करून बोलावतो. डॅडी तर नसतील?"

मनातून मला वाटत होतं, की त्यांना बरं वाटेल. निदान रडतील तरी.

मम्मींनी बशी खाली ठेवली. "हात बरोबर करतो का तो?"

"ग्रँविल म्हणतो, एकही चुकत नाही."

"मग तो बार्नी नाही," त्या म्हणाल्या, आणि दुसरी बशी उचलली.

मला हसू आलं, आणि ते मध्येच थांबलं. मम्मी पुढे म्हणाल्या, "दुपारी मी आत पडते ना, तेव्हा मागच्या पत्र्यावर कोणीतरी थाप मारतं. दोन थापा. टॅक्सीवाले मारतात तशा, जाऊ दे म्हणून. बार्नीला थाप मारायला हात कुठला मोकळा? दोन्ही हात भांडणात."

"फांदी आपटत असेल, मम्मी."

"असेल," त्या म्हणाल्या. मग जरा हळू आवाजात, "तसं वाईट नाही वाटत गं ऐकायला. कोणीतरी आपली व्यवस्था करतंय असं वाटतं."

ते मला अजिबात आवडलं नाही. थापांपेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं. अंकल बार्नी तर गेलेच होते. आता मम्मीही कुणाच्या तरी बोलावण्याने निघतील, अशी भीती मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रँविल अंघोळीला गेला, तेव्हा मी गाडीत त्याच्या सीटवर जाऊन बसले. म्हटलं, आरसा आहे, काच आहे. काच हा माझा धंदा आहे. बाहेरगोल काचेत वस्तू लहान दिसतात, कडेला वाकतात, मागच्या झाडाची सावली माणसासारखी दिसू शकते. मी हे गिऱ्हाइकांना रोज समजावते.

मी आरशात पाहिलं. कॅरॅव्हॅनची कड, बोरू, पाणी, आणि पाण्यावर तो उभा होता. गवतावर उभं राहावं तसा. करडा शर्ट. हॅटची सावली तोंडावर. दोन्ही हात छातीपाशी, आणि बोटं हळूहळू, न थकता, 'ये, ये' करत होती. मला त्याचे बूट दिसत होते. काळे, कोरडे, पॉलिश केलेले.

मी मान वळवून मागे पाहिलं. बोरू होता आणि पाणी होतं.

मग मी एखादी शहाणी बाई करेल ते केलं. तंबूचा बांबू उपटला, पाण्यात शिरले आणि तो उभा होता तिथली खोली मोजली. बांबू माझ्या कमरेएवढा बुडाला. काठावरून अंकल डिर्की बघत होते.

"मासे असे नाही पकडत," ते म्हणाले.

"अंकल डिर्की, चौदा नंबर दर वर्षी रिकामा का असतो?"

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "लोकांना संडास जवळ लागतो," ते म्हणाले आणि गेले.

त्या दिवशी मी ग्रँविलला सरळ सांगितलं, की कॅरॅव्हॅन पुढे घे नाहीतर मी घेते. आमचं भांडण झालं. "आयुष्यात एक गोष्ट मला नीट जमतेय," तो म्हणाला, "आणि तुला तीही बघवत नाही!" त्याचा चेहरा इतका पडला, की माझं मन विरघळलं. उद्या सकाळी निघायचंच होतं. मी स्वतः चारही चाकांमागे मोठे दगड लावले, गाडी सोडवून लांब उभी करायला लावली, आणि गप्प बसले. त्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

६

क्राइफ्लेला दुपारी दोन ते चार सगळे झोपतात. पोरं, कुत्री, बायबल वाचणारे, सगळे. डिसेंबरच्या, आमच्या ऐन उन्हाळ्यातल्या, उन्हात पत्रे कडकडतात, बाकी काही आवाज नसतो. मम्मी कॅरॅव्हॅनमध्ये मागच्या पलंगावर झोपल्या होत्या. मी आणि टॅमलिन वरच्या बाजूला, भांडी धुवायच्या शेडमध्ये, करपलेलं पातेलं घासत होतो.

"मम्मा," टॅमलिन म्हणाली, "आपला तंबू काढलाय."

मी खाली पाहिलं. अठरा खुंट्या ओळीने गवतावर ठेवलेल्या. चारही दगड बाजूला, नीट रचलेले. गाडी पुन्हा कॅरॅव्हॅनला जोडलेली, आणि सगळं लटांबर आवाज न करता मागे सरकत होतं. मागचा भाग पाण्यावर गेलेला होता.

मी पातेलं हातात धरूनच धावले. "ग्रँविल! थांब! मम्मी आत आहेत!"

काच खाली होती. त्याला ऐकू जायला हवं होतं. पण तो आरशात बघत होता, परीक्षेला बसलेल्या हुशार मुलासारखा, आणि मान डोलवत होता. हो, हो, समजलं. मी कॅरॅव्हॅनचं दार उघडायला गेले तर आतून कडी. चाकं ओल्या मातीत शिरली. कॅरॅव्हॅनच्या मागच्या पत्र्यावर मी थापा ऐकल्या. दोन. मग दोन.

आता काय करायचं ते मला कोणी सांगितलं नाही. मी एवढंच जाणलं, की हा माणूस माझं ऐकणार नाही, हा आरशाचं ऐकतोय. म्हणून मी आरशात जायचं ठरवलं. मी कॅरॅव्हॅनच्या मागे पाण्यात उतरले. बोरूत, कमरेएवढ्या पाण्यात, नेमक्या त्या जागी. ऊन भाजत होतं आणि माझ्या डाव्या खांद्याशी गार झालं. बाकावर आपल्या शेजारी कोणी सरकून जागा करतं, तसं कोणीतरी सरकलं. मी तिकडे बघितलं नाही. देवाशपथ, मी बघितलं नाही.

मी एक हात 'ये' केला आणि दुसरा 'थांब'. पातेलं 'थांब'च्या हातात होतं. आणि छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"उजवीकडे! अरे उजवीकडे! माझ्या उजवीकडे, गाढवा! पुढे नको, मागे नको! तुझ्या आईच्या उजवीकडे!"

ग्रँविल दचकला. मी त्याचं डोकं हललेलं पाहिलं. चाळीस वर्षांची भीती एका क्षणात अंगात आली आणि त्याने स्टिअरिंग गरकन फिरवलं, अर्थातच उलट्या बाजूला. कॅरॅव्हॅन आडवी झाली, गाडीशी काटकोनात वळली, आणि धाड! तिचा कोपरा वाळुंजाच्या बुंध्यात घुसला आणि तिथेच अडकला.

सगळा पार्क जागा झाला. लोक सवयीने खुर्च्या घेऊन आले.

कॅरॅव्हॅनचं दार उघडलं. मम्मी दारात आल्या, गालावर उशीच्या घड्या, टोपी वाकडी. त्यांनी पाण्यात उभ्या असलेल्या मला पाहिलं, माझ्या हातातलं पातेलं पाहिलं, बुंध्यातला कोपरा पाहिला. टोपी सरळ केली.

"पोचलो एकदाचे," त्या म्हणाल्या, आणि खाली पायरीवर बसून रडायला लागल्या. मे महिन्यापासूनचं सगळं एकदम रडल्या. मी ओल्या कपड्यांनी त्यांना मिठी मारली आणि मीही रडले. लोकांनी टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कोणाला कळेना.

७

संध्याकाळी ग्रँविल आणि मी पोच्याकडे बघत उभे होतो. हा सगळ्यांत मोठा होता.

"तुला मम्मी आत आहेत हे माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"माहीत होतं," तो म्हणाला. "त्याने खूण केली, की ठीक आहे."

मी पोच्यावरून बोट फिरवलं.

"आरशात तुम्ही दोघं होतात," तो पुढे म्हणाला. "तू चुकीचं सांगत होतीस. तो बरोबर सांगत होता."

"मग माझं का ऐकलंस?"

ग्रँविलने विचार केला. "सवय," तो म्हणाला.

आम्ही दोघं हसलो. फार हसलो. मग हसू संपलं तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडला होता.

८

यंदा आम्ही जाणारच नव्हतो. पण मम्मींनी हट्ट धरला. अंकल बार्नींचे इस्त्रीचे शर्ट त्यांनी वर्षभरात वाटून टाकले होते, एक ग्रँविलने घातला होता. नऊ नंबरचा पाइप दुरुस्त झाला होता. नऊ नंबर संडासाला लागून, तळ्यापासून सर्वांत लांब. मी मागे उभं राहायचं आणि चुकीचं सांगायचं, असं ठरलं होतं. मी घरी सरावसुद्धा केला होता.

फाटकापाशी अंकल डिर्की म्हणाले, "आधी संडासाची किल्ली घेऊन जा, नंतर मी झोपणार आहे." मी उतरले. दोन मिनिटं लागली असतील, तीन म्हणा. किल्ली घेऊन परत वळले तर टाळ्यांचा आवाज आला.

मी धावले. आमची कॅरॅव्हॅन नऊ नंबरवर उभी होती. भिंतीपासून हातभर लांब, सरळ रेषेत.

"एका फटक्यात!" पाद्रीबाबा म्हणाले. "यंदा जमलं बुवा पोराला."

मागच्या सीटवर मम्मी जाग्या होत्या. पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या, उतरत नव्हत्या. त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. अजून नाही.

मी डिकी उघडली, सामानातून बिडाचा मोठा तवा काढला, कॅरॅव्हॅनच्या मागे गेले आणि दोन्ही हातांनी पत्र्यावर असा दणका घातला, की संडासातून कोणीतरी "आलो, आलो!" म्हणून ओरडलं. लोक हसले. टॅमलिनने नवा पोचा पाहून सालाचा आकडा उच्चारला.

"पोचलो एकदाचे," मम्मी म्हणाल्या, आणि टोपी सरळ करून उतरल्या.

मी तवा खाली ठेवला आणि ग्रँविलच्या दाराशी गेले. इंजिन चालूच होतं. तो उतरला नव्हता. तो आरशात बघून मान डोलवत होता, आणि गियर अजून रिव्हर्समध्येच होता.